मुलांच्या दोन पृथ्व्या

पांच-सहा वर्षांचें मूल घरांत असलें म्हणजे प्रश्नांना तोटा नसतो. चंद्र आपल्याबरोबर कां चालतो, दिवसां तारे कोठें जातात, पृथ्वी गोल आहे तर खालचीं माणसें पडत कां नाहींत, हे प्रश्न ज्या घरांत कधींच निघाले नाहींत असें घर विरळाच सांपडेल. आजोबा वर्तमानपत्रांत गढलेले असतात, आई कामांत असते, वडील कचेरींतून नुकतेच आलेले असतात. तेव्हां “हें तुझ्या बाईंना विचार” असें सांगून प्रश्नाची रवानगी शाळेंत होते. शाळेंत बाईंपुढें चाळीस-पन्नास मुलें असतात आणि धडा संपवावयाचा असतो. “पृथ्वी गोल आहे, ती स्वतःभोवतीं व सूर्याभोवतीं फिरते,” हें वाक्य फळ्यावर लिहिलें जातें, मुलें तें वहींत उतरून घेतात, परीक्षेंत लिहितात आणि पैकीच्या पैकीं गुण मिळवितात. घराला वाटतें, शाळेनें आपलें काम केलें. शाळेला वाटतें, मुलाला समजलें. मूळ प्रश्न मात्र मुलाच्या मनांत होता तेथेंच असतो. त्या प्रश्नाचें पुढें काय होतें, आणि तें आपण घरच्या मंडळींनीं मनावर कां घ्यावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

परीक्षेची पृथ्वी आणि पायांखालची पृथ्वी

१९९२ सालीं स्टेला वोस्नियाडू व विल्यम ब्रुअर या दोन मानसशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत पहिली, तिसरी व पांचवी या इयत्तांमधील साठ मुलांशीं केलेल्या संभाषणांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पृथ्वीचा आकार कसा आहे, या प्रश्नाला “गोल” हें उत्तर मुलांच्या ओठांवर तयारच होतें. परंतु हे परीक्षक तेवढ्यावर थांबले नाहींत. “तूं नाकासमोर पुष्कळ दिवस चालत राहिलास तर कोठें पोंचशील? पृथ्वीला कांठ आहे काय? त्या कांठावरून पडतां येईल काय?” असे प्रश्न त्यांनीं विचारले, आणि मुलांकडून चित्रें काढून घेतलीं. तेव्हां निराळाच प्रकार दिसून आला. कांहीं मुलांची “गोल” पृथ्वी भाकरीसारखी चपटी व वाटोळी होती. कांहींच्या मतें पृथ्वी पोकळ चेंडूसारखी असून आपण तिच्या आंत, सपाट तळावर राहतों, आणि वरचा अर्धा भाग म्हणजे आकाशाचा घुमट. कांहीं मुलांनीं तर दोन पृथ्व्या मानल्या होत्या: एक गोल पृथ्वी वर आकाशांत, जिच्याविषयीं बाई सांगतात, आणि दुसरी सपाट पृथ्वी आपल्या पायांखालीं, जिच्यावर आपण खेळतों.

पुढें १९९६ मध्यें समरपुंगवन यांनीं याच दोघांच्या सहकार्यानें हैदराबाद येथील मुलांशीं अशींच संभाषणें केल्याचें प्रसिद्ध झालें. तेथें पुष्कळ मुलांनीं पृथ्वी पाण्याच्या आधारानें राहिली आहे असें सांगितलें. घरांत ऐकलेल्या कथांचा व शाळेंत ऐकलेल्या धड्याचा मुलांनीं आपल्या परीनें मेळ घातला होता. या पद्धतीवर पुढें आक्षेपहि घेतले गेले. प्रश्न विचारण्याची रीत बदलली, चित्रांऐवजीं तयार प्रतिकृति पुढें ठेवल्या, तर मुलांचीं उत्तरें सुधारतात, असें इतर संशोधकांनीं दाखविलें. तें मान्य केलें तरी मूळ गोष्ट शिल्लक राहतेच. मूल हें रिकामें भांडें नव्हे. तें शाळेंत येतें तेव्हां जमीन सपाट आहे, आधार काढला कीं वस्तु खालीं पडते, सूर्य उगवतो व मावळतो, हें सारें स्वतःच्या अनुभवानें शिकून आलेलें असतें. त्या अनुभवाला न विचारतां नवें वाक्य त्याच्या हातीं दिलें, कीं तें दोन्हीहि जवळ ठेवतें. एक लिहिण्यासाठीं, एक जगण्यासाठीं.

ही संवय केवळ भूगोलापुरती राहिली असती तर तिची फारशी चिंता करण्याचें कारण नव्हतें. परंतु लिहावयाचें एक व मानावयाचें दुसरें हें वळण एकदां मनाला पडलें म्हणजे तें पुढें सर्वत्र जातें. मोठेपणीं पदवी घेतलेला मनुष्य आपल्या शास्त्रज्ञानाचा संसारांत कांहींच उपयोग करीत नाहीं, हें आपण पाहतों आणि त्याचें नवल करतों. त्याचें बीज पुष्कळदां पहिली-दुसरींतल्या अशा न विचारलेल्या प्रश्नांत असतें.

‘वर’ कोणतें आणि ‘खालीं’ कोणतें

लहान मुलाची खरी अडचण पृथ्वीच्या आकाराविषयींची नसते. ती ‘खालीं’ या शब्दाविषयींची असते. त्याच्या मनांत सगळ्या विश्वाला एकच खालची बाजू असते. म्हणून गोलाच्या खालच्या अंगाला असलेलीं माणसें पडलींच पाहिजेत, असें त्याला वाटतें. आणि त्याच्या दृष्टीनें तें तर्कशुद्धच आहे. ही शंका आपल्याकडे फार पूर्वीं ओळखली गेली होती. भास्कराचार्यांनीं (जन्म १११४) ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायांत तिचें समाधान केलें आहे. जो मनुष्य जेथें उभा असतो तेथें तो पृथ्वी आपल्या पायांखालीं व आपण तिच्या वर असेंच समजतो. आणि पृथ्वी एवढी मोठी व मनुष्य एवढा लहान, कीं तिच्या परिघाचा जो अल्पसा भाग त्याच्या नजरेंत येतो तो त्याला सपाटच दिसणार, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शिलालेखांत ज्यांच्या कुळाचा उल्लेख आहे, त्या पुरुषानें साडेआठशें वर्षांपूर्वीं सांगितलेली ही गोष्ट आजच्या पहिलीच्या वर्गांतहि जशीच्या तशी उपयोगीं पडते.

ती वर्गांत कशी आणावी? पृथ्वीचा गोल घेऊन त्याच्यावर चारी अंगांनीं कागदाच्या लहान बाहुल्या चिकटवाव्या. प्रत्येक बाहुलीच्या हातांत एक चेंडू आहे असें मानावें आणि तो सुटला तर कोणीकडे जाईल, हें मुलांना बोटानें दाखवावयास सांगावें. प्रथम बहुतेक मुलें टेबलाकडे बोट दाखवितात. मग गोल हळूंच फिरवून दुसरी बाहुली वर आणावी व पुन्हां विचारावें. असें चार-सहा वेळां झालें कीं वर्गांत वादविवाद सुरू होतो, आणि ‘खालीं’ म्हणजे पृथ्वीच्या पोटाकडे, हें कोणीतरी मूलच सांगतें. शिक्षकानें तें आधीं सांगण्याची घाई करूं नये.

पृथ्वीच्या फिरण्याचेंहि तसेंच. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें पृथ्वी स्वतःभोवतीं फिरते असें प्रतिपादन करतांना नावेचा दृष्टान्त दिला. पुढें जाणाऱ्या नावेंतल्या मनुष्याला कांठावरच्या स्थिर वस्तु मागें जातांना दिसतात. तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जातांना दिसतात. आपल्या मुलांना नाव ठाऊक नसेल, पण पुण्याहून मुंबईस जातांना आगगाडीच्या खिडकींतून मागें पळणारीं झाडें तर ठाऊक आहेत ना? चंद्र आपल्याबरोबर कां चालतो, याचेंहि उत्तर त्याच खिडकींत आहे. जवळचीं झाडें झरझर मागें जातात, दूरचा डोंगर सावकाश जातो, आणि चंद्र तर त्या डोंगराहून इतका दूर आहे कीं तो मागें जातच नाहीं. म्हणून तो बरोबर येतो असें वाटतें.

अंतराळवीरांचीं चित्रें अलीकडे मुलें रोज पाहतात. २०२५ च्या जून-जुलैमध्यें शुभांशु शुक्ल हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकांत राहून आले, तेव्हां ते तरंगत कां होते, हा प्रश्न घरोघर निघाला. आणि “तेथें गुरुत्वाकर्षण नाहीं” असें उत्तर पुष्कळ घरीं दिलें गेलें. तें बरोबर नाहीं. हें स्थानक पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटरांवर असतें, आणि तेथें गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळ जवळ नऊ-दशांश असतें. गच्चीवरून दगड जितक्या जोरानें फेंकावा तितका तो दूर जाऊन पडतो. तोच ताशीं सुमारें २८,००० किलोमीटरांच्या गतीनें हवेच्या वर फेंकला, तर तो पडत राहतो खरा, पण खालची पृथ्वीहि वळत गेल्यामुळें जमिनीला लागत नाहीं. स्थानक आणि त्यांतलीं माणसें अशीं एकत्र पडत असतात, म्हणून तीं तरंगतांना दिसतात. सात वर्षांच्या मुलालाहि हें दगडाच्या भाषेंत समजतें.

चंद्र हा पहिला गुरु

आकाश शिकविण्यास दुर्बीण लागते, मोठें तारांगण लागतें, अशी एक समजूत आहे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें १९५४ सालीं तारांगण झालें, मुंबईचें नेहरू तारांगण १९७७ मध्यें उघडलें. अशा ठिकाणीं मुलांना अवश्य न्यावें. परंतु आरंभ तेथें नाहीं. आरंभ गच्चींत किंवा अंगणांत आहे, आणि त्याचें क्रमिक पुस्तक आपल्या प्रत्येकाच्या भिंतीला टांगलेलें आहे. तें म्हणजे पंचांग.

मुलाच्या हातीं एक वही द्यावी आणि महिनाभर रोज चंद्र केव्हां दिसला, कोठें दिसला व कसा दिसला, एवढेंच काढावयास सांगावें. शेजारीं आजोबांनीं तिथि लिहावी. आठ-दहा दिवसांत मुलाला अनेक गोष्टी आपोआप कळूं लागतात. चंद्र दिवसांहि दिसतो. शुद्ध पक्षांत दुपारनंतर, वद्य पक्षांत सकाळीं. तो रोज सरासरी पन्नास मिनिटें उशिरां उगवतो. पौर्णिमेला सूर्य मावळतांना तो उगवतो. संकष्टीला उपास सोडण्यासाठीं रात्रीं आठ-दहापर्यंत त्याची वाट पाहावी लागते. गोकुळाष्टमीच्या कथेंत कृष्णजन्म मध्यरात्रीं, आणि वद्य अष्टमीचा चंद्रहि मध्यरात्रींच्या सुमारासच उगवतो! भाद्रपद शुद्ध चतुर्थीची कोर संध्याकाळीं पश्चिमेस दिसते व लवकर मावळते. सूर्य आणि चंद्र यांच्यांतील अंतर बारा अंशांनीं वाढलें म्हणजे एक तिथि पुढें सरकते, हें गणित मोठेपणीं येईल. पण तिथि म्हणजे आकाशांतल्या घड्याळाचा एक आंकडा आहे, हें सात-आठ वर्षांच्या मुलाला एका महिन्यांत उमगतें. आजीच्या व्रतांचा व शाळेच्या धड्याचा असा मेळ दुसरा सांपडणार नाहीं.

यानंतर कला कां होतात, हा प्रश्न मुलेंच विचारतात. मोठ्या माणसांनासुद्धां याचें उत्तर विचारून पाहावें. “पृथ्वीची सावली पडते म्हणून” असें सांगणारे सुशिक्षित लोक कमी नाहींत. खोलींत अंधार करून मध्यें एकच दिवा ठेवावा. मुलानें हातांत पांढरा चेंडू घेऊन तो डोक्यापेक्षां किंचित् उंच धरावा आणि दिव्याकडे तोंड करून उभें राहावें. चेंडूची काळी बाजू दिसते, ही अमावास्या. मग डावीकडे सावकाश वळत जावें. प्रथम उजव्या अंगाला बारीक कोर उजळते, पाव फेरींत अर्धा चेंडू उजळलेला दिसतो, आणि दिव्याकडे पाठ झाली कीं पौर्णिमा होते. दिव्यानें नेहमींच अर्धा चेंडू उजळलेला होता. बदलली ती आपली जागा. चेंडू थोडा खालीं घेतला तर पौर्णिमेच्या जागीं आपल्याच डोक्याची सावली त्याच्यावर पडते, तें चंद्रग्रहण. सावलीनें काय होतें व कलांनीं काय होतें, यांतला भेद मूल स्वतः पाहतें.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांतील शमीन पाडळकर व जयश्री रामदास यांनीं महाराष्ट्रांतील मुलांना खगोलाचे प्राथमिक धडे देतांना प्रतिकृति व आकृति यांच्या जोडीला हातवारे व शरीराच्या हालचाली यांचा पद्धतशीर उपयोग करून पाहिला, आणि त्याविषयीं २०११ मध्यें निबंध प्रसिद्ध केला. शरीर फिरलें कीं विचार फिरतो, हें आपल्या जुन्या खेळांतहि आहेच. जें मूल स्वतः पृथ्वी होऊन दिव्याभोवतीं फिरलें आहे, त्याला दिवस व रात्र यांची व्याख्या पाठ करावी लागत नाहीं.

सावलीची काठी

सूर्याकडे मात्र थेट पाहतां येत नाहीं. तसें पाहूं नये, हें मुलांना पहिल्याच दिवशीं बजावलें पाहिजे. सूर्याचा अभ्यास त्याच्या सावलींतून करावा. शाळेच्या पटांगणांत एक सरळ काठी रोवून दर अर्ध्या तासानें सावलीचें टोंक खडूनें खुणावें. सावली सर्वांत आंखूड केव्हां होते? मुलें म्हणतील, बारा वाजतां. प्रत्यक्षांत पुण्यास ती साधारण साडेबाराच्या सुमारास होते. कारण आपलीं घड्याळें साडेब्याऐंशीं पूर्व रेखांशावर लावलेलीं आहेत आणि पुणें त्याच्या पश्चिमेस आहे. दुपारीं सूर्य रोज डोक्यावर येतो, हीहि समजूत काठी दूर करते. पुण्यांत तो नेमका डोक्यावर वर्षांतून दोनदांच येतो. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस. त्या क्षणीं काठीची सावली तिच्या पायाशींच नाहींशी होते. जुलैंत बहुधा ढग असतात, म्हणून मेमधला दिवस साधावा. सुटी असली तरी घरच्या गच्चीला सुटी नसते.

उन्हाळ्यांत पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, हा गैरसमजहि या काठीनें फिटतो. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ जानेवारीच्या आरंभीं असते, सुमारें १४ कोटि ७१ लक्ष किलोमीटरांवर. आणि सर्वांत दूर जुलैच्या आरंभीं, सुमारें १५ कोटि २१ लक्ष किलोमीटरांवर. थंडींत सावल्या लांब कां पडतात व उन्हाळ्यांत आंखूड कां, हें ज्यानें वर्षभर पाहिलें आहे त्याला ऋतूंचें कारण सूर्याच्या तिरप्या-उभ्या किरणांत शोधावें हें सहज सुचतें.

ज्वारीएवढी पृथ्वी

पुस्तकांतल्या चित्रांनीं एक मोठा घोटाळा करून ठेवला आहे. त्यांत ग्रह ताटांत मांडलेल्या लाडवांसारखे एका ओळींत, एकमेकांना लागून बसविलेले असतात. कागदाचा आकार पाहतां चित्रकाराचा त्यांत दोष नाहीं. पण मुलाच्या मनांत आकाश दाटीवाटीचें होऊन बसतें. त्यावर उपाय स्वयंपाकघरांत आहे.

ज्वारीचा एक टपोरा दाणा सुमारें चार मिलिमीटरांचा असतो. तो पृथ्वी मानावा. मग चंद्र राजगिऱ्याच्या दाण्याएवढा होतो, आणि तो ज्वारीपासून बारा सेंटिमीटरांवर ठेवावा लागतो. सूर्य सुमारें ४४ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे कणीक मळण्याच्या मोठ्या पराती एवढा. आणि तो ज्वारीपासून ४७ मीटरांवर. पटांगणाच्या एका टोंकाला परात धरून दुसऱ्या टोंकाला हातावर ज्वारीचा दाणा घेऊन उभें राहावें, म्हणजे पृथ्वी व सूर्य यांचें नातें दिसतें. गुरु हा बेताच्या लिंबाएवढा, परातीपासून सुमारें २४५ मीटरांवर. शनि हा आवळ्याएवढा, ४५० मीटरांवर. आणि शेवटचा ग्रह नेपच्यून हा बोराएवढा, जवळ जवळ १,४०० मीटरांवर. वर्गानें हें अंतर चालून पाहावें. वाटेंत मुलांना कांहींच लागत नाहीं, आणि तेंच त्यांना समजावयाचें असतें. चंद्रापर्यंतची अवघी बारा सेंटिमीटरांची वाट माणसानें १९६९ मध्यें चालून दाखविली, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजीं आपलें चांद्रयान-३ त्याच वाटेनें जाऊन चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशांत उतरलें.

आतां मुलांना विचारावें कीं, सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा या मापानें कोठें ठेवावा? कोणी म्हणेल कोथरुडास, कोणी म्हणेल मुंबईस. तो सव्वाचार प्रकाशवर्षें दूर आहे. ज्वारीच्या मापानें सुमारें साडेबारा हजार किलोमीटर. परात पुण्यांत असेल तर तो तारा न्यूयॉर्कांत! मोठ्या आंकड्यांचीं शून्यें मुलें विसरतात. परात, ज्वारी आणि न्यूयॉर्क तीं सहसा विसरत नाहींत.

नवग्रह कीं आठ ग्रह?

येथें घर व शाळा यांची गांठ पडते. नातू शाळेंतून येऊन सांगतो कीं ग्रह आठ आहेत. वडील म्हणतात, आम्हांला तर नऊ शिकविले. आजी म्हणते, नवग्रहांची पूजा आम्ही करतोंच कीं! तिघेहि आपापल्या परीनें बरोबर आहेत, आणि हा वाद मिटविण्याऐवजीं त्याचा उलगडा करणें हाच उत्तम धडा होतो. वडिलांच्या नऊ ग्रहांत प्लूटो होता. २००६ सालीं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनें ग्रहाची व्याख्या ठरवून त्याला लघुग्रहाहून निराळ्या अशा बटु-ग्रहांच्या वर्गांत घातलें. प्लूटो होता तसाच आहे. बदललें तें माणसांनीं केलेलें वर्गीकरण. शास्त्रांत मतें कां व कशीं बदलतात, हें सांगण्यास याहून सोपें उदाहरण नाहीं.

आजीचे नवग्रह निराळे. स्थिर ताऱ्यांमधून जो फिरतो तो ग्रह, अशी जुनी कल्पना. म्हणून त्यांत सूर्य व चंद्र आहेत, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि हे डोळ्यांनीं दिसणारे पांच आहेत, आणि पृथ्वी नाहीं, कारण पाहणारा तिच्यावरच उभा होता. उरलेले राहु व केतु हे चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला जेथें छेदते ते दोन बिंदु. या दोन वाटांमध्यें सुमारें पांच अंशांचा कोन आहे. म्हणूनच दर अमावास्या-पौर्णिमेला ग्रहण लागत नाहीं, आणि सूर्य-चंद्र त्या बिंदूंजवळ आले म्हणजेच लागतें. आजीच्या राहूला असें गणितांत स्थान आहे, हें कळल्यावर नातवाला आजीची कथा टाकून द्यावी लागत नाहीं. ती कथा म्हणून ऐकावी आणि बिंदु म्हणून मोजावी.

मात्र ग्रहणाच्या दिवशीं खरी कसोटी लागते. वर्गांत सावलीची आकृति काढून आलेलें मूल घरीं येतें, तों खिडक्या बंद, शिजविलेल्या अन्नावर तुळशीपत्र आणि बाहेर जाण्यास मनाई. तें बोलत नाहीं. पण शाळेची पृथ्वी एक व घरची दुसरी, हें त्या दिवशीं त्याच्या मनांत पक्कें होतें. ज्यांना स्नान-जप करावयाचा आहे त्यांनीं तो अवश्य करावा. परंतु मुलाला आकाशापासून तोडूं नये. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनीं पाहण्यांत कसलाहि अपाय नाहीं. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं भारतभर आकाशांत खग्रास चंद्रग्रहण होतें, आणि खग्रास अवस्था रात्रीं अकरापासून ऐंशीं मिनिटांहून अधिक काळ टिकली. अशा वेळीं मुलांना उठवून चंद्रावर सरकणाऱ्या सावलीची कड दाखवावी. ती कड नेहमीं वाटोळीच असते. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा डोळ्यांना दिसतो, त्यासाठीं अग्निबाणांत बसावें लागत नाहीं. सूर्यग्रहणांत मात्र प्रमाणित चष्म्यावांचून सूर्याकडे पाहूं नये. त्याऐवजीं पिठाची चाळणी उन्हांत धरावी. तिच्या प्रत्येक भोंकाखालीं, जमिनीवर, एक एक चंद्रकोरीसारखा सूर्य उमटतो. शंभर सूर्य एकदम पाहिलेल्या मुलाला ग्रहणाची भीति वाटणें कठीण.

घरानें आणि शाळेनें काय करावें

शाळेकडून अपेक्षा एवढीच कीं, आकाशाचा धडा पुस्तकापासून सुरू करूं नये. मुलाला काय वाटतें हें आधीं विचारावें, त्याला चित्र काढूं द्यावें, आणि चुकलेल्या चित्राला हंसूं नये. तें चित्रच शिक्षकाला सांगतें कीं शिकवण्यास कोठून आरंभ करावा. ग्रहांचीं नांवें, उपग्रहांच्या संख्या, अंतरांचे आंकडे हें सर्व मागाहून येईल. प्रथम एक महिन्याचा चंद्र, एक दिवसाची सावली आणि एका रात्रींतले दोन-चार ओळखीचे तारे एवढें पुरे.

घराकडे अधिक आहे. हिंवाळ्यांत मृग व त्याच्या मागोमाग येणारा व्याध दाखवावा. उन्हाळ्यांत सप्तर्षींमधील वसिष्ठ व त्याच्या जवळची अरुंधती दाखवावी, जी लग्नांत वधूवरांना दाखविण्याची चाल आहे आणि जी प्रत्यक्ष पाहिलेलीं जोडपीं फार थोडीं निघतील. हात ताठ करून मूठ धरली तर ती सुमारें दहा अंश होते. पुण्यांत ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींहून थोडा खालीं सांपडतो, कारण पुण्याचे अक्षांश साडेअठरा आहेत. चैत्रांत पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ, वैशाखांत विशाखेजवळ, कार्तिकांत कृत्तिकेजवळ असतो; महिन्यांचीं नांवें आकाशांतून आलीं आहेत, हें मुलांना प्रथम घरांतच कळावें.

शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे कोकणांतल्या मुरूडचे. त्यांचें आयुष्य शाळामास्तरकींत गेलें. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १८९६ मध्यें आला. पण सामान्य घरांतल्या माणसांनीं रात्रीं आकाशाकडे पाहावें म्हणून त्यांनीं ‘ज्योतिर्विलास’ हेंहि पुस्तक मराठींत लिहिलें. आमच्या काळांत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनीं तीच परंपरा चालविली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते ती तेथें देत नसत; एखादा प्रश्न लिहून पोस्टकार्ड पाठव, उत्तराखालीं माझी सही येईल, असें सांगत, आणि तीं उत्तरें पाठवीत. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला मुलाच्या प्रश्नासाठीं वेळ होता. आपल्यालाहि तो काढतां येईल.

उत्तर आलें नाहीं तर “मला ठाऊक नाहीं, आपण मिळून पाहूं” असें म्हणण्यांत वडीलधाऱ्यांचा मान कमी होत नाहीं. उलट, मोठीं माणसेंहि पाहून शिकतात, हें मुलाला कळतें. आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर दहा मिनिटें गच्चीवर जावें, पंचांगांत तिथि पाहून घ्यावी, चंद्र कोठें असेल तें आधीं मुलालाच सांगूं द्यावें आणि मग सर्वांनीं मिळून तो शोधावा. सांपडला तर ठीकच. न सांपडला तर कां सांपडला नाहीं, हा उद्यांचा प्रश्न तयार झाला.